पुसद कुठं गेलं?

मागच्या पावसाळ्यात पुसदहून यवतमाळला निघालेल्या एसटीत बसून मी मोबाइलवर पुसदचा इतिहास शोधत होतो. पुतणीला शाळेत 'माझं गाव' असा प्रकल्प दिला होता. काकाला कंप्युटरमधलं कळतं, एवढ्या भांडवलावर ते काम माझ्याकडे आलं होतं. एका लेखात मला हवी ती ओळ सापडली: पुसद तालुका पूर्वी वाशीम जिल्ह्यात होता. ओळीच्या शेवटी संदर्भाचा बारीक आकडा होता. आकड्यावर बोट ठेवलं. दिग्रस येईपर्यंत पांढरा गोल फिरत राहिला आणि मग पाटी आली: ४०४, पान सापडलं नाही.

मी पोटापाण्यासाठी वेबसाइटी बांधतो. ४०४ मला नवा नाही, मी स्वतः कित्येक लोकांना तो दाखवला आहे. पण या वेळी जरा चिडायला झालं. पुसदचा पत्ता बदलला हे जे पान सांगत होतं, त्याच पानाचा पत्ता बदलला होता, आणि तो कुठं गेला हे सांगायला कुणी मागे थांबलं नव्हतं.

पुतणीचा प्रकल्प चार पानांत संपला. मला लागलेला नाद मात्र संपला नाही. गाव, माणूस किंवा कागद जागा बदलतो तेव्हा मागून येणाऱ्याला वाट कोण दाखवतं? पुसदच्या निमित्तानं शोधत गेलो, तर हा प्रश्न इंटरनेटपेक्षा बराच जुना निघाला.

जागेवरून न हलता

पुसद आहे तिथंच आहे. पूस नदीच्या काठी. ती नदी पुढे पैनगंगेला मिळते. भोवती डोंगर आहेत, त्यामुळे गाव सरकायला फारशी जागाही नाही. तरीही कागदावर पुसदनं जेवढा प्रवास केला तेवढा फार थोड्या गावांनी केला असेल.

१८५३ पर्यंत हा मुलूख निजामाचा होता. त्या साली हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी निजामाला वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली द्यावं लागलं. नावाला मालकी निजामाची, कारभार इंग्रजांचा. म्हणून इंग्रजी कागदांत वऱ्हाडला 'हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स' असं लांबलचक नाव मिळालं. १८७० मध्ये लायलनं संपादित केलेलं वऱ्हाडचं गॅझेटिअर याच नावानं निघालं. हे ठाऊक नसलेला मुलगा ग्रंथालयाच्या यादीत 'विदर्भ' किंवा 'महाराष्ट्र' शोधत बसेल आणि रिकाम्या हातानं परत येईल. पुस्तक कपाटात असेल, पण ज्या नावानं तो हाक मारतो आहे त्या नावाला ते ओ देणार नाही.

पुढे वऱ्हाडचे सहा जिल्हे होते: अमरावती, अकोला, बुलढाणा, एलिचपूर, वणी आणि वाशीम. पुसद वाशीममध्ये होतं. इंग्रजी स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर 'बासिम'मध्ये. १९०२ मध्ये निजामाशी नवा करार होऊन वऱ्हाड कायमच्या भाडेपट्ट्यानं इंग्रजांकडे आलं आणि १९०३ पासून त्याचा कारभार नागपूरला, मध्य प्रांताच्या चीफ कमिशनरकडे गेला. मग १९०५ च्या ऑगस्टमध्ये सहा जिल्ह्यांचे चार केले गेले. एलिचपूर अमरावतीत गेलं. वणी जिल्ह्याचं नाव यवतमाळ झालं. वाशीम जिल्हा मोडला. त्यातले वाशीम आणि मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले आणि पुसद यवतमाळला दिलं.

त्यानंतर जिल्हा तोच राहिला, पण वरचं छत बदलत राहिलं. १९३६ पासून मध्य प्रांत आणि वऱ्हाड. १९५० पासून मध्य प्रदेश, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ पासून द्विभाषिक मुंबई राज्य. १ मे १९६० पासून महाराष्ट्र. १ जुलै १९९८ ला वाशीम पुन्हा जिल्हा झाला, पण ९३ वर्षांपूर्वी दिलेलं पुसद त्याला परत मिळालं नाही.

याचा अर्थ नीट कळायचा असेल तर वसंतराव नाईकांच्या पहिल्या तीन निवडणुका पाहाव्यात. नाईक पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. १९५२ मध्ये ते पुसदमधून निवडून आले तेव्हा मध्य प्रदेशचे आमदार झाले. १९५७ मध्ये पुसदमधूनच निवडून आले तेव्हा मुंबई राज्याचे. १९६२ मध्ये पुन्हा पुसदमधून, तेव्हा महाराष्ट्राचे. पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९६३ ला, ते मुख्यमंत्री झाले आणि १९७५ पर्यंत राहिले. उमेदवार तोच, गाव तेच, राज्यं तीन. ज्याला त्यांची १९५२ ची कारकीर्द शोधायची आहे त्यानं फक्त मुंबईचं दफ्तर चाळलं तर तिथं काही मिळणार नाही. त्याला कुणीतरी सांगायला हवं की बाबा, नागपूरच्या कागदांत पाहा.

'पहा' नावाचा शब्द

असं सांगणारे लोक होते. आपल्याला त्यांची नावं माहीत नाहीत, कारण ते बहुतेक कारकून आणि संपादक होते.

१९०८ मध्ये इम्पीरियल गॅझेटिअरची नवी आवृत्ती निघाली तेव्हा जिल्ह्यांची फेररचना होऊन तीनच वर्षं झाली होती. त्यातल्या पुसद तालुक्याच्या नोंदीत १९०५ पर्यंत हा तालुका वाशीम जिल्ह्यात होता हे नमूद केलं आहे. एवढी एकच नोंद. पण तिच्यामुळे आज पुसदवर काम करणाऱ्याला कळतं की १९०५ च्या आधीचं काही हवं असेल तर यवतमाळच्या नावाखाली वेळ घालवायचा नाही, वाशीमकडे वळायचं. दोन कपाटांमधला तो दरवाजा आहे.

छापील कोशांनी यासाठी एक छोटा शब्द फार पूर्वीपासून वापरला: 'पहा'. तुम्ही एका नावानं शोधता, नोंद दुसऱ्या नावाखाली आहे, तर पहिल्या नावापुढे फक्त 'पहा' आणि दुसरं नाव. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशाचा कुठलाही खंड उघडा, हे 'पहा' जागोजाग भेटेल. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते आणि पहिला खंड १९७६ चा आहे. हे 'पहा' लिहिण्यात विद्वत्ता कमी आणि काळजी जास्त आहे. वाचक चुकीच्या दारात येईल हे आधीच धरून चालायचं आणि त्या दारावर चिठ्ठी लावून ठेवायची.

मराठी विकिपीडियानं हीच सवय उचलली. तिथं लेखाचं नाव बदललं की जुन्या नावावर आपोआप एक पुनर्निर्देशन राहतं. तुम्ही जुनं नाव टाइप केलं तरी नव्या लेखावर पोचता. आपल्याला कळतही नाही की मधे एका पाटीनं हात धरून नेलं.

सहा आकडे आणि एक कंस

टपाल खात्यासमोर हा प्रश्न रोजचा होता. एकाच नावाची गावं, चार लिप्यांतले पत्ते, बदलते जिल्हे. यावर १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला. त्याच्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर होते. टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतमध्ये कविता-नाटकं लिहिणारे मराठी गृहस्थ. पुसदचा पिन ४४५२०४. यातला पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडचा पट्टा. २००० साली छत्तीसगड वेगळं राज्य झालं, पण रायपूरचा पिन बदलावा लागला नाही. वेलणकरांच्या आकड्यांत राज्याचं नाव नव्हतंच, टपालाची वाट होती. बदलणाऱ्या गोष्टी पत्त्यात कोंबल्या नाहीत तर पत्ता जास्त टिकतो.

तरी माणसं घरं बदलतातच. म्हणून टपालात दुसरीही सोय आहे. आपण घर सोडताना पोस्टात नवा पत्ता लिहून दिला तर जुन्या पत्त्यावर आलेलं पत्र तिकडे वळवता येतं. पोस्टमन लिफाफ्यावरचा पत्ता खोडून शेजारी नवा लिहितो आणि पत्र पुन्हा प्रवासाला लागतं. जुना पत्ता मात्र वाचता येईल असाच राहतो.

खोडायचं, पण वाचता येईल असं ठेवायचं: ही रीत आपल्या महसूल खात्यात अजून कडक आहे. सातबारा तुम्ही कधी ना कधी पाहिला असेल, निदान पीक कर्जाच्या रांगेत बाबांच्या हातात. त्यावर खातेदाराच्या नावाजवळ एक फेरफार क्रमांक असतो. आजोबा गेले, वारस लागले, शेत विकलं, वाटणी झाली, की तलाठी गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, नोंद घेतो आणि मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतो. मग सातबाऱ्यावर नवं नाव चढतं. जुनं नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात. 'आजोबाच्या नावाला कंस झाला' असं आमच्याकडे सहज म्हणतात. तो कंस सांगतो की हा माणूस इथं होता, आता नाही. का नाही, ते त्या क्रमांकाच्या फेरफारात आहे.

एका फेरफारावरून मागच्या फेरफारावर, तिथून त्याच्या मागच्या, असं जात राहिलं की वऱ्हाडातला शेतकरी बहुधा १९५४-५५ च्या अधिकार अभिलेखापाशी येऊन थांबतो. ते साल का? कारण तेव्हा पुसद मध्य प्रदेशात होतं आणि त्या राज्याचा जमीन महसूल कायदा १९५४ चा होता. महाराष्ट्राचा महसूल अधिनियम १९६६ चा. कायदा बदलला, राज्य बदललं, राजधानी नागपूरहून मुंबईला गेली, पण वावराचा धागा तुटला नाही, कारण प्रत्येक वळणावर कुणीतरी मागचा क्रमांक लिहून ठेवला होता.

दारावरची ओळ

हे सगळं मला कागदी कौतुक वाटलं असतं, पण त्याच महिन्यात एक वर्गमित्र भेटला. तो पुसदजवळच्या तांड्यावरचा, बंजारा. मुलीच्या अ‍ॅडमिशनसाठी जात पडताळणी करायची होती. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी त्यात एक तारीख कळीची असते: २१ नोव्हेंबर १९६१. त्या तारखेपूर्वीचा, जातीची नोंद असलेला घराण्यातला कागद मिळाला तर काम सोपं होतं. नाही मिळाला तर चकरा सुरू होतात. तांड्यावरच्या माणसांकडे तेव्हा ना शेत होतं ना घराची नोंद. राहतं काय, तर कोतवाल बुक आणि शाळेचं दाखल-खारीज रजिस्टर.

त्याचे आजोबा लहानपणी दोन वर्षं शाळेत गेले होते. गावाचं नाव घरच्यांना माहीत होतं. आम्ही दोघं गाडीवर तिथं गेलो. शाळेला कुलूप होतं. पटसंख्या कमी झाल्यानं ती कधीच बंद झाली होती. व्हरांड्यात कुणीतरी तुरीची पोती ठेवली होती. मित्र पायरीवर बसला. "झालं," म्हणाला, "आता कुठं जायचं गा?"

तेव्हा मला दारावरची ओळ दिसली. निळ्या ऑइलपेंटनं, साध्या अक्षरात लिहिलं होतं की या शाळेचे सर्व अभिलेख अमुक गावच्या जिल्हा परिषद शाळेत जमा केले आहेत. खाली तारीख. ते गाव सहा-सात किलोमीटरवर होतं.

त्या दुसऱ्या शाळेतल्या लोखंडी कपाटात रजिस्टर होतं. शाळा तेव्हा जिल्हा परिषदेची नव्हती. जिल्हा परिषदा महाराष्ट्रात १ मे १९६२ ला आल्या, त्याआधी आमच्याकडे जनपद सभा होत्या. आजोबांचं नाव सापडलं, त्यांच्या वडलांचं नाव सापडलं, जातीच्या रकान्यात 'बंजारा' सापडलं. साल १९५५. मुख्याध्यापकांनी नक्कल दिली. पुढं मुलीला व्हॅलिडिटी मिळाली.

परत येताना मित्र म्हणाला, दारावर ते लिहिणाऱ्या मास्तरला एकदा चहा पाजायला पाहिजे होता. कोण होता ते कुणालाच सांगता आलं नाही.

३०१

आता वेबकडे येऊ. तिथं ही निळी ओळ लिहायची सोय आहे का? आहे, आणि बऱ्याच वाचकांच्या जन्माआधीपासून आहे.

तुम्ही लिंकवर बोट ठेवता तेव्हा फोनमधला ब्राउझर दूरच्या एका संगणकाला, म्हणजे सर्व्हरला, विचारतो की अमुक पान दे. सर्व्हर पानाच्या आधी तीन आकडी उत्तर देतो. २०० म्हणजे हे घे. ४०४ म्हणजे असं काही मला सापडलं नाही. ३०१ म्हणजे ते पान कायमचं हललं, आणि सोबत नवा पत्ता. ब्राउझर तो पत्ता वाचून मुकाट्यानं तिकडे जातो. शोधयंत्रंही ३०१ पाहून आपल्या वहीत जुना पत्ता खोडून नवा लिहितात. ३०२ म्हणजे तात्पुरतं दुसरीकडे आहे, जुना पत्ता विसरू नका. ३०१, ३०२ आणि ४०४ हे तिन्ही आकडे मे १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपीच्या पहिल्या औपचारिक दस्तऐवजात आहेत. जानेवारी १९९७ च्या पुढच्या आवृत्तीत ४१० आला. ४१० म्हणजे ते पान होतं, आता मुद्दाम काढलं आहे, पुन्हा येणार नाही.

मला ४१० आवडतो. ४०४ खांदे उडवतो. ४१० जबाबदारी घेतो. सातबाऱ्यावरच्या कंसासारखा तो सांगतो की इथं काहीतरी होतं.

वेब ज्यांनी बनवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्ये एक छोटा लेख लिहून बजावलं होतं की चांगले पत्ते बदलत नाहीत, आणि ते बदलतात तेव्हा बदलणारी माणसंच असतात. लेखकाचं नाव, विषय, फाइलचा प्रकार अशा उद्या बदलतील त्या गोष्टी पत्त्यात घालू नका, असा त्यांचा सल्ला होता. वेलणकरांनी तेच २६ वर्षं आधी आकड्यांत करून दाखवलं होतं. जगातली पहिली वेबसाइट ज्या सर्न संस्थेत जन्मली, तिचा मूळ पत्ताही मधल्या काळात आपलं मूळ पान दाखवत नव्हता. २०१३ मध्ये सर्ननं ते पान पुन्हा त्याच पत्त्यावर आणून ठेवलं.

बाकी वेबचं काय झालं? प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये मोजदाद मांडली. २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. इंग्रजी विकिपीडियाच्या ५४ टक्के लेखांत संदर्भांमधली निदान एक लिंक मेलेली होती. त्याआधी २०१४ मध्ये हार्वर्डच्या अभ्यासकांना दिसलं होतं की अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत दिलेल्या लिंकांपैकी निम्म्या आता मूळ मजकूर दाखवत नाहीत. निकाल आहे, पण न्यायाधीशांनी ज्याच्या आधारावर तो दिला ते पान नाही.

आपल्याकडे मोजदाद नसली तरी हलवाहलव डोळ्यांसमोर झाली आहे. जिल्ह्यांच्या वेबसाइटी एकेकाळी 'एनआयसी डॉट इन'वर होत्या, आता 'गव्ह डॉट इन'वर आहेत, यवतमाळचीही. सातबारा ज्या महाभूलेख पत्त्यावर पाहत होतो तो बदलून महाभूमीचा झाला. मराठी विश्वकोश ऑनलाइन आला ही मराठीतली मोठीच गोष्ट, पण त्याचे संदर्भ देताना लोकांनी वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे पत्ते लिहिले आहेत. या बदलांना कारणं आहेत. सरकारी साइट सरकारी नावाखाली असावी, सुरक्षित असावी, मोबाइलवर नीट दिसावी, हे योग्यच. केंद्र सरकारनं २००९ मध्येच सरकारी वेबसाइटींसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात जुना मजकूर जपायचं धोरण ठेवा असंही सांगितलं. हलण्याबद्दल तक्रार नाही. पुसद किती वेळा हललं ते आपण पाहिलंच.

तक्रार आहे ती वाट दाखवताना होणाऱ्या लबाडीबद्दल. बऱ्याच साइटी हलल्यावर सगळे जुने पत्ते सरसकट नव्या मुखपृष्ठाकडे वळवतात. तुम्ही १९०५ ची नोंद मागता आणि समोर मंत्र्यांचे फोटो आणि निविदा येतात. तक्त्यावर ३०१ दिसतो, काम झाल्यासारखं वाटतं. मित्राच्या आजोबांच्या शाळेच्या दारावर 'यवतमाळला चौकशी करा' एवढंच लिहिलं असतं तर आम्ही परत फिरलो असतो. दुसरा धोका याहून वाईट. सोडून दिलेलं डोमेन काही काळानं कुणीही विकत घेऊ शकतो. मग शाळेच्या जुन्या लिंकवर जुगाराची जाहिरात उघडते, आणि ती लिंक अजून कुणाच्या तरी पुस्तकात छापलेली असते.

माझी वही

हे सगळं लिहिणारा मी काही धुतल्या तांदळाचा नाही. चार वर्षांपूर्वी एका छोट्या साप्ताहिकाची वेबसाइट मी नव्यानं बांधली. जुने साडेसहाशे लेख नव्या साइटवर आणले, सगळे. पत्ते मात्र नव्या पद्धतीचे केले, छोटे, सुटसुटीत. जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे नेणारी यादी करायची राहून गेली. राहून गेली म्हणजे काय, पैसे ठरले होते त्यात ते धरलंच नव्हतं.

महिन्याभरानं एका निवृत्त मास्तरांचा फोन आला. साप्ताहिकाच्या कचेरीनं माझा नंबर दिला होता.

"बाळा, आमच्या मंडळी गेल्या तेव्हा तुमच्यात त्यांच्यावर आलं होतं छापून. पोरानं फोनमध्ये लावून दिलं होतं. आता उघडतच नाही. काढून टाकलं काय तुम्ही?"

"नाही काका, आहे ते. फक्त जागा बदलली."

"मग तसं सांगून ठेवायचं ना!"

मी त्यांच्या मुलाला नवी लिंक पाठवली आणि विषय मिटला असं समजलो. परवा शाळेच्या त्या दारासमोर उभं राहिल्यावर तो पुन्हा उघडला. ज्यानं निळ्या रंगात ओळ लिहिली त्यालाही त्या कामाचे पैसे कुणी दिले नसणार.

यवतमाळहून परतल्यावर तीन रात्री बसलो. जुन्या साइटची प्रत माझ्याकडे होती. जी पानं प्रतीत नव्हती त्यांचे जुने पत्ते इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमधून काढले. १९९६ पासून ही संस्था जगभरची पानं साठवते आहे आणि कुणीही त्यात एखादं पान जपायला टाकू शकतो. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा, प्रत्येक लेखाला एक ओळ. फेरफार नोंदवहीच म्हणा. ज्या अकरा जाहिरातींच्या पानांना नवीन जागा नव्हती त्यांना ४१० दिला. बाकी सगळ्यांना ३०१.

पुतणीनं प्रकल्पाच्या शेवटी लिंकांची यादी दिली होती. ती मी तिच्याकडून बदलून घेतली. प्रत्येक लिंकशेजारी लेखाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, साल आणि आपण पाहिलं ती तारीख. लिंक मेली तरी नावावरून शोधता येईल. तिनं विचारलं, "काका, एवढं कोण बघणार?" मी म्हटलं, बघणारा आला तर.

यादी चढवल्याच्या दुसऱ्या दिवशी मी सर्व्हरची नोंद उघडली. पहाटे पाच वाजून काही मिनिटांनी एका मोबाइलवरून कुणीतरी त्या श्रद्धांजलीचा चार वर्षांपूर्वीचा, जुना, लांबलचक पत्ता मागितला होता. त्यापुढे ३०१. त्याच सेकंदाला, पुढच्या ओळीत, नवा पत्ता आणि त्यापुढे २००.